उन्हाळ्यात बंद पडणारा गेमिंग संगणक : प्रोसेसरचा कूलर बदलण्यापूर्वी काय तपासावे

ग्वाल्हेरमध्ये सुटे भाग आणून जुळवलेल्या गेमिंग संगणकांची एक तक्रार दरवर्षी एप्रिलच्या अखेरीस सुरू होते, नौतप्यात, म्हणजे मे अखेरीच्या कडक उन्हाच्या नऊ दिवसांत, शिगेला पोहोचते आणि पहिले दोन-चार पाऊस पडले की आपोआप विरते. गेम सुरू केल्यानंतर पंधरा-वीस मिनिटे सर्व सुरळीत चालते आणि मग एक तर चित्र अडखळू लागते, किंवा कोणतीही सूचना न देता संगणक एकदम बंद पडतो. ‘प्रोसेसर तापतो आहे’ असे निदान होते, मोठा कूलर मागवला जातो, तो येऊन बसेपर्यंत जुलै उजाडतो, संगणक नीट चालू लागतो आणि श्रेय नव्या कूलरला मिळते. पुढल्या मे महिन्यात तीच तक्रार पुन्हा उभी राहते.

ती पुन्हा उभी राहते याला केवळ इथले ऊन कारणीभूत नाही. बहुतेक वेळा मुळात चुकीचा भाग बदललेला असतो, असे माझे मत आहे. अडखळणे आणि बंद पडणे ही दोन वेगळ्या दुखण्यांची लक्षणे आहेत, आणि त्यांना एकच औषध देण्याच्या घाईत पैसे वाया जातात.

मंदावणे वेगळे, बंद पडणे वेगळे

आजचा प्रोसेसर तापला म्हणून सहसा बंद पडत नाही, तो मंदावतो. इंटेलच्या बाराव्या ते चौदाव्या पिढीतील डेस्कटॉप प्रोसेसरांची तापमान-मर्यादा साधारणपणे १०० अंश सेल्सिअस आहे. एएमडीच्या रायझन ७००० मालिकेतील बहुतेकांची ९५, रायझन ७ ५८००एक्सची ९० आणि रायझन ७ ७८००एक्स३डीची ८९ अंश आहे. ही मर्यादा गाठताच प्रोसेसर स्वतःचा वेग आणि व्होल्टेज उतरवतो. वीज पूर्णपणे तोडण्याची वेळ त्याहून बऱ्याच वरच्या तापमानाला येते, आणि तेथवर मजल जाते ती पंखा पूर्ण थांबला असेल, कूलरची पकड सुटली असेल किंवा लिक्विड कूलरचा पंप निकामी झाला असेल तेव्हा. ग्राफिक्स कार्डाचीही रीत हीच आहे: ते आधी पंखे वाढवते, मग वेग कमी करते, आणि खेळणाऱ्याला ते फ्रेम (सेकंदाला दिसणारी चित्रे) घटण्याच्या रूपाने दिसते.

म्हणून चित्र अडखळत असेल तर प्रोसेसर, ग्राफिक्स कार्ड किंवा एनव्हीएमई ड्राइव्ह (माहिती साठवणारा वेगवान भाग) यांच्या तापमानाकडे वळावे. परंतु दिवा विझावा तसा संगणक क्षणात बंद पडत असेल, तर पहिला संशय एसएमपीएसवर, म्हणजे सर्व भागांना वीज पुरवणाऱ्या डब्यावर, आणि घरातील विजेवर घ्यावा. विंडोजच्या इव्हेंट व्ह्यूअर या नोंदवहीमध्ये ‘कर्नल-पॉवर ४१’ ही नोंद सापडली की पुष्कळ जण कारण सापडल्याच्या समाधानात थांबतात, पण ती नोंद संगणक रीतसर बंद झाला नव्हता एवढेच सांगते. तिच्या तपशिलात बगचेक कोड (बिघाडाचा क्रमांक) शून्य असेल, तर बिघाड सांगणारा निळा पडदा येण्याइतकाही अवधी विंडोजला मिळाला नाही, असा तिचा अर्थ बहुधा असतो. म्हणजे वीजच गेली. शेजारी ‘व्हिया-लॉगर १८’ अशी नोंद असेल तर मात्र प्रोसेसर, त्याला दिलेले व्होल्टेज किंवा रॅमचा वेग वाढवणारी एक्सएमपी मांडणी तपासणे योग्य ठरते.

बंद पडल्यानंतर संगणक कसा वागतो हेही बरेच काही सांगून जाते. बटण दाबूनही तो लगेच सुरू होत नसेल आणि दहा-पंधरा मिनिटांनी, किंवा मागचा स्विच एकदा बंद-चालू केल्यावर सुरू होत असेल, तर एसएमपीएसने उष्णतेमुळे किंवा अतिभारामुळे स्वतःचे संरक्षण केले असण्याची शक्यता मोठी आहे. तो क्षणात आपणहून पुन्हा सुरू होत असेल, तर विजेचा झटका किंवा ग्राफिक्स कार्डाची अचानक वाढलेली मागणी डोळ्यांसमोर ठेवावी.

एसएमपीएस : ज्याचे तापमान कोणी पाहत नाही

प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्ड यांचे अंश पडद्यावर दिसतात, एसएमपीएसचे बहुधा दिसत नाहीत, आणि त्यामुळेच तो तपासातून निसटतो. आजच्या बहुतेक कॅबिनेटमध्ये तो तळाशी असतो आणि खालच्या जाळीतून हवा ओढतो. त्या जाळीखालची गाळणी ओढून काढता येते हे अनेकांना ठाऊकच नसते. ग्वाल्हेरच्या लष्कर या भागातल्या जुन्या गल्ल्यांत उन्हाळ्यातल्या आंधीबरोबर येणारी बारीक धूळ जमिनीलगत साचते, आणि कॅबिनेट सतरंजीवर किंवा गादीच्या कडेला ठेवलेले असेल तर त्या गाळणीवर काही महिन्यांतच गोधडीसारखा थर बसतो. जिवाजीगंजातील एका परिचितांच्या मुलाचा संगणक मी उघडला, तेव्हा वरचा लिक्विड कूलर नवाकोरा आणि स्वच्छ होता. खालची गाळणी मात्र उजेडासमोर धरली तरी आरपार दिसत नव्हती.

दुसरी बाब म्हणजे काही एसएमपीएसमध्ये कमी भाराला पंखा थांबवून ठेवण्याची सोय असते आणि तिचे बटण मागच्या बाजूस असते. शांततेसाठी ती चांगली आहे. पण खोलीत ४० अंश असताना पंखा सतत फिरत राहणे केव्हाही बरे, म्हणून एप्रिल ते जून ती सोय बंद ठेवावी. एसएमपीएस उलटा बसवला गेला आहे का, म्हणजे त्याचा पंखा तळाच्या जाळीकडे न राहता कॅबिनेटमधील गरम हवेकडे तोंड करून आहे का, हेही एकदा पाहावे. कॅबिनेट जमिनीवरून उचलून लाकडी पाटावर किंवा लहान स्टँडवर ठेवणे हा उपाय फुकटात पडतो, आणि लिक्विड कूलरवर केलेल्या खर्चापेक्षा अनेकदा अधिक कामी येतो.

विजेचा दाब ही या दुखण्याची तिसरी बाजू आहे. उन्हाळ्यात सर्वत्र एसी आणि कूलर चालू असताना दाब २३० व्होल्टवरून १८० पर्यंत उतरला, तर तेवढेच काम करण्यासाठी एसएमपीएसला सुमारे सव्वा पट प्रवाह ओढावा लागतो, आणि त्याची स्वतःची उष्णता वाढते ती नेमकी खोली सर्वात गरम असताना. १०० ते २४० व्होल्ट असा विस्तृत पल्ला असलेला एसएमपीएस हे सोसतो. केवळ २०० ते २४० असा पल्ला छापलेला स्वस्त एसएमपीएस मात्र अशा संध्याकाळी दगा देऊ शकतो. साधा मल्टिमीटर घेऊन संगणक बंद पडण्याच्या वेळेस सॉकेटवरील दाब मोजावा. एरवी सकाळी केलेले मोजमाप काही कामाचे नाही. घरात इन्व्हर्टर असेल तर तो कोणत्या मोडवर आहे ते पाहावे. वीज गेल्यानंतर एसएमपीएस स्वतःच्या साठ्यावर साधारण १६-१७ मिलिसेकंद तग धरतो, आणि साध्या मोडवरील इन्व्हर्टर बदलाला त्याहून अधिक वेळ घेऊ शकतो. त्या वेळी घरातले पंखे-दिवे जेमतेम लुकलुकतात आणि संगणक तेवढा बंद पडतो, मग दोष उष्णतेच्या माथी मारला जातो.

खोलीचे अंश वजा करा

आता अडखळण्याकडे वळू. प्रोसेसर ८८ अंशांवर गेला हे विधान एकटे निरुपयोगी आहे, कारण हवेने किंवा पाण्याने थंड होणारा कोणताही भाग खोलीच्या हवेपेक्षा थंड होऊ शकत नाही. कूलर त्या दोहोंमधील फरक फक्त कमी-जास्त करतो. परीक्षणांत वाचलेली तापमाने बहुधा वीस ते पंचवीस अंशांच्या खोलीत घेतलेली असतात. तोच भाग तेवढ्याच भाराखाली ४० अंशांच्या खोलीत साधारण तितकेच अंश वर चढतो.

यासाठी एक साधा तापमापक कॅबिनेटच्या पुढील बाजूस, जिथून हवा आत जाते तिथे ठेवावा, तापमान दाखवणाऱ्या एचडब्ल्यूइन्फोसारख्या प्रोग्रामची नोंद चालू करावी आणि नेहमीचा गेम अर्धा तास खेळावा. केवळ ताण देण्यासाठी बनवलेल्या चाचण्या प्रोसेसरवर गेमपेक्षा कितीतरी अधिक भार टाकतात आणि नाहक घाबरवतात. समजा, मे महिन्यात खोली ४१ आणि प्रोसेसर ८८ अंशांवर आहे. फरक ४७ झाला. हाच संगणक जानेवारीत १७ अंशांच्या खोलीत ६४ वर चालत असेल, तर तेव्हाही फरक ४७ च होता. अशा संगणकात काहीही बिघडलेले नाही, खोली बदलली आहे, आणि उपाय खोलीवर किंवा भारावर करायचा आहे. उलट जानेवारीतला ४७ चा फरक मेमध्ये ५८ झाला असेल, तर धूळ, थर्मल पेस्ट (प्रोसेसर आणि कूलर यांच्यामधला उष्णता वाहणारा लेप) किंवा पंखा यांपैकी काहीतरी बिघडले आहे हे निश्चित. हिवाळ्यातली एक नोंद जपून ठेवणे म्हणूनच फार उपयोगाचे आहे. ती नसेल तर पहाटे खोली सर्वात थंड असताना घेतलेली नोंदही बऱ्यापैकी चालते.

या वजाबाकीला एक अपवाद आहे. रायझन ७००० मालिकेतील जास्त वॅटचे प्रोसेसर पूर्ण भाराखाली ९५ अंशांपर्यंत जाऊन तेथेच टिकतील असेच घडवलेले आहेत, त्यामुळे त्यांचा अंश पाहून काही कळत नाही; त्यांच्याबाबतीत गिगाहर्ट्झ आणि वॅट किती उतरले हे पाहावे.

फरक वाढलेला आढळला की कॅबिनेटचे बाजूचे झाकण काढून तोच गेम पुन्हा तेवढाच वेळ चालवावा. झाकण काढल्यावर आठ-दहा अंश उतरत असतील, तर प्रोसेसरचा कूलर निर्दोष असून कॅबिनेट गुदमरते आहे. समोर सबंध काच असलेली, रंगीत दिव्यांची कॅबिनेट इथे लोकप्रिय आहेत आणि या शहरासाठी त्यांच्याइतकी गैरसोयीची निवड दुसरी नाही. हवा कडेच्या बोटभर फटीतून आत शिरते आणि पुढचे तीन पंखे काचेशी झटापट करत राहतात. झाकण काढूनही जेमतेम दोन-तीन अंशांचाच फरक पडत असेल, तर हीटसिंकच्या, म्हणजे कूलरच्या उष्णता पसरवणाऱ्या धातूच्या भागाच्या, पात्यांमधील धूळ, वाळलेली थर्मल पेस्ट किंवा कूलरची तिरकी पकड यांकडे पाहावे. कूलर काढल्यावर त्याच्या तळावरील पारदर्शक प्लास्टिकचा कागद तसाच राहिलेला दिसण्याचा प्रसंग हास्यास्पद वाटतो, पण दुर्मीळ नाही. झाकण कायमचे उघडे ठेवणे हा उपाय नव्हे. पंधरा दिवसांत मदरबोर्डवर इतकी धूळ बसते की सुरुवातीचा लाभ उरत नाही.

साफसफाई वीज पूर्णपणे काढून, घराबाहेर किंवा गच्चीवर करावी. ब्लोअर मारताना पंख्याचे पाते बोटाने धरून ठेवावे, कारण हवेच्या झोताने पंखा त्याच्या क्षमतेबाहेर फिरला तर बेअरिंगचे नुकसान होऊ शकते. लिक्विड कूलर असेल तर रेडिएटर आणि पंखा यांच्यामध्ये साचलेली धूळ बाहेरून दिसत नाही. पंखे सोडवूनच ती निघते.

दगडी छत, खोलीचा कूलर आणि दमट हवा

ग्वाल्हेरच्या जुन्या घरांत वरच्या मजल्याचे छत बऱ्याचदा दगडी पटियांचे असते. दिवसभर तापलेला हा दगड सूर्य मावळल्यानंतरही कित्येक तास उष्णता खाली सोडत राहतो, म्हणून बाहेर वारा सुखावू लागला तरी खोली रात्री नऊ-दहापर्यंत तापलेली राहते, आणि खेळण्याची वेळही नेमकी तीच असते. त्यात ३५० वॅट ओढणारा संगणक ते सर्व ३५० वॅट उष्णतेच्या रूपाने त्याच खोलीत टाकतो. एक टनाचा एसी सुमारे साडेतीन किलोवॅट उष्णता बाहेर फेकतो, त्यामुळे एसी असेल तर संगणकाचा भार त्याला जड नाही. दार-खिडक्या बंद करून केवळ छताच्या पंख्याखाली खेळणाऱ्याच्या खोलीचा पारा मात्र तासाभरात लक्षात येण्याइतका चढतो. शक्य असल्यास संगणक खालच्या मजल्यावर आणणे हा, माझ्या दृष्टीने, कोणत्याही खरेदीपेक्षा मोठा उपाय आहे.

एसी नसलेल्या घरांत पाण्याचा कूलर असतोच, आणि मे महिन्यात तो संगणकाचा खरा मित्र आहे. बाहेर ४३ अंश आणि आर्द्रता १५ टक्के असताना चांगल्या जाळ्यांचा कूलर सत्तावीस-अठ्ठावीस अंशांची हवा देऊ शकतो. समोरची खिडकी उघडी ठेवली तर खोलीचे दहाएक अंश सहज उतरतात. परंतु संगणकाला थंडावा मिळावा म्हणून कूलरचा झोत थेट कॅबिनेटवर धरणे घातक आहे. जिवाजीगंजातल्या त्याच घरी काकूंनी मुलाच्या काळजीपोटी नेमके तेच केले होते. झोताबरोबर पाण्याचे बारीक तुषार येतात, बोअरच्या जड पाण्यातील क्षार त्यांच्यासोबत आत जातात आणि पांढऱ्या पुटाच्या रूपाने हीटसिंकवर व बोर्डावर बसतात. ओली धूळ तर पात्यांवर चिकटून इतकी घट्ट होते की नंतर ब्लोअरलाही दाद देत नाही. कॅबिनेट झोताच्या बाजूला ठेवावे आणि त्याची पाठ, म्हणजे गरम हवा सोडणारी बाजू, उघड्या खिडकीकडे असावी.

जुलैत आर्द्रता वाढली की हाच कूलर जेमतेम तीन-चार अंश उतरवतो आणि खोली ओलसर करतो. तेव्हा तो बंद ठेवून साधा पंखा व खिडकी यांवर भागवावे.

भाग न बदलता भार कमी करणे

खोली फारशी बदलता येत नसेल तर उष्णता मुळातच कमी निर्माण करावी. मॉनिटर ७५ हर्ट्झचा असताना ग्राफिक्स कार्ड १६० फ्रेम काढत असेल, तर अर्ध्याहून अधिक श्रम दिसतच नाहीत. गेममध्ये किंवा ड्रायव्हरमध्ये फ्रेमची मर्यादा मॉनिटरइतकी ठेवली की कार्ड आणि एसएमपीएस दोन्ही थंडावतात. आफ्टरबर्नर या प्रोग्राममध्ये कार्डाची वीज-मर्यादा ८० टक्क्यांवर आणली तरी वेग त्या प्रमाणात घटत नाही, नुकसान बहुधा थोडेच असते. रायझनच्या १०५ वॅट वर्गातील प्रोसेसर बायोसमधील (मदरबोर्डवरच्या मूळ प्रोग्राममधील) इको मोडने ६५ वॅट वर्गात उतरवता येतो. इंटेलच्या बाबतीत अनेक मदरबोर्ड मूळ वीज-मर्यादा उठवूनच येतात. आय५-१३४००एफसारख्या ६५ वॅट छापलेल्या प्रोसेसरचीही अधिकृत कमाल १४८ वॅट आहे, ती बायोसमध्ये निदान तेथवर बांधून घ्यावी.

इंटेलच्या तेराव्या-चौदाव्या पिढीतील वरच्या प्रोसेसरांना व्होल्टेजसंबंधीचा एक स्वतंत्र दोष होता आणि त्यासाठी २०२४ मध्ये नवे मायक्रोकोड (प्रोसेसरच्या आतील आज्ञावली) बायोसमधून देण्यात आले. त्या दोषामुळे गेम कोसळण्याचे प्रकार डिसेंबरातही घडतात. तेव्हा ऋतू बदलूनही तक्रार हटत नसेल, तर आधी बायोस अद्ययावत करावे.

नवा संगणक जुळवताना

दिल्लीच्या नेहरू प्लेस या संगणक-बाजारात जाऊन किंवा तेथून मागवून संगणक जुळवणाऱ्यांनी सुरुवात कॅबिनेटपासून करावी, कारण इतर भाग पुढे बदलता येतात आणि कॅबिनेट सहसा कोणी बदलत नाही. समोर जाळी, धुता येणारी गाळणी, पुढे दोन किंवा तीन आत ओढणारे पंखे आणि मागे एक बाहेर फेकणारा, एवढे पुरते. आत येणारी हवा बाहेर जाणाऱ्या हवेपेक्षा थोडी जास्त असावी, म्हणजे धूळ फटींतून न शिरता गाळणीवर अडते.

प्रोसेसर निवडताना कामगिरीतले शेवटचे चार टक्के सोडून देण्याची तयारी ठेवावी. रायझन ७ ७७०० आणि ७७००एक्स हे दोन्ही आठ कोअरचे आहेत. पहिल्याची कमाल घड्याळगती ५.३ आणि दुसऱ्याची ५.४ गिगाहर्ट्झ, पण पहिला ८८ वॅटवर थांबतो आणि दुसरा १४२ पर्यंत जातो. चाळीस अंशांच्या खोलीत मी निःसंकोच पहिला घेईन आणि त्यावर दोन पंख्यांचा साधा टॉवर कूलर बसवीन. लिक्विड कूलर अडीचशे वॅट ओढणाऱ्या प्रोसेसरांसाठी ठीक आहे, पण त्याचे पाणीही खोलीच्या हवेनेच थंड होते. पाणी तापायला वेळ लागतो म्हणून पहिली काही मिनिटे चित्र आशादायक दिसते इतकेच. शिवाय टॉवर कूलरचा पंखा बिघडला तर तो घरी बदलता येतो, पंप बिघडला तर सबंध कूलर परत पाठवावा लागतो.

ग्राफिक्स कार्डात आरटीएक्स ४०६० हे ११५ वॅटचे आणि आरटीएक्स ३०७० हे २२० वॅटचे आहे. पहिले कामगिरीत थोडे मागे असले तरी शंभराहून अधिक वॅट कमी टाकते, आणि ते शंभर वॅट मेमध्ये खोलीला जाणवतात. मदरबोर्ड घेताना प्रोसेसरच्या शेजारच्या वीज-नियंत्रक घटकांवर हीटसिंक आहे याची खात्री करावी.

एसएमपीएस मोजून घ्यावा: वरच्यासारखा ८८ वॅटचा प्रोसेसर, २२० वॅटचे कार्ड आणि उरलेल्या भागांचे साठेक वॅट मिळून बेरीज पावणेचारशेच्या आसपास जाते, तेव्हा ६५० वॅटचा एसएमपीएस घेतल्यास कार्डाच्या क्षणिक उसळ्यांनाही जागा राहते. २०२२ च्या एटीएक्स ३.० प्रमाणानुसार बनवलेला असेल तर अशा उसळ्यांचा विचार त्यात केलेलाच असतो. ‘८० प्लस गोल्ड’ हा शिक्का पाहून मात्र निश्चिंत होऊ नये, कारण ती चाचणी २३ अंशांच्या आसपास घेतली जाते आणि ती कार्यक्षमतेची असते, उष्णता सोसण्याची नव्हे. पूर्ण क्षमता किती अंशांपर्यंत मिळते हा आकडा उत्पादकाच्या तपशीलपत्रात पाहावा: कोठे ४० लिहिलेले असते, कोठे ५०. ग्वाल्हेरसाठी ५० लिहिलेलाच घ्यावा, आणि तापमानाचा उल्लेखच नसेल तर तो एसएमपीएस कितीही स्वस्त असला तरी दुकानातच ठेवावा.